दोन हातांच्या अंतरावर

तिने कॅमेरा उचलला, तळहातावर जरा तोलला, कानाशी नेऊन एकदा शटर दाबलं आणि काउंटरवर परत ठेवला.

"हा नको. हा फार खाकरतो."

शेठ हसले. दुकान त्यांचं होतं, वडिलांकडून आलेलं, आणि शेठ हे नाव हिनेच पाडलेलं. कॅमेरे विकणारा माणूस गिऱ्हाइकाला 'हा घेऊ नका' म्हणून सांगत सुटतो, त्याला निदान नावाने तरी शेठ म्हणू या, असं ती तेव्हा म्हणाली होती. त्यालाही आता पुष्कळ वर्षं झाली. या काउंटरवर तिने लेन्स घेतल्या, बदलल्या, त्यांच्यावरून तावातावाने भांडणं केली, आणि भांडून झाल्यावर इथेच बसून सगळ्यांबरोबर चहा घेतला. आज ती स्टुलावर बसली होती आणि तिच्यामागे कपाटाला टेकून तिचा नवरा उभा होता. वरच्या फळीवरचे ट्रायपॉड त्याच्या डोक्याला लागत होते. पहिल्या भेटीपासून ती त्याला लंबू म्हणत आली. पुढे सगळी गल्ली म्हणू लागली, मग त्याच्या पाणीपुरवठ्याच्या ऑफिसातली मंडळीही. निवृत्तीच्या समारंभात साहेब भाषणात चक्क 'आपले लंबू' म्हणून गेले आणि त्यात काही चुकलंय असं कुणाला वाटलं नाही.

"ताई, मग हा बघा," म्हणत शेठनी दुसरं खोकं उघडलं.

ती रस्त्यावरचे फोटो काढायची. लग्नाकार्याचे नाही, डोंगरदऱ्यांचे नाही. रस्त्याने येणारी-जाणारी, उभी राहिलेली, भांडणारी, कंटाळलेली माणसं. वर्तमानपत्राची नोकरी होती तेव्हा कामाचे फोटो आटोपून ती यासाठी वेळ काढायची, आणि नोकरी संपली तेव्हा सगळाच वेळ याला दिला. लग्न झालं तेव्हा ती पन्नासच्या लेन्सवर होती. मुलगी शाळेत जायला लागली तेव्हा पस्तीसवर आली. मुलगी कॉलेजात गेली त्या सुमाराला तिने अठ्ठावीस घेतली आणि मग ती बदललीच नाही. लंबूला या आकड्यांतलं एवढंच कळत असे की आकडा जितका लहान तितकं लेन्समध्ये जास्त मावतं आणि समोरचा माणूस लहान दिसतो. तो नीट मोठा यायला हवा असेल तर त्याच्याजवळ चालत जावं लागतं. म्हणजे त्याची बायको वर्षानुवर्षं अनोळखी माणसांच्या जवळजवळ सरकत चालली होती. असं तो पाहुण्यांना सांगायचा आणि पाहुणे हसायचे.

तिची रीत ठरलेली. लेन्सचं फोकसचं कडं दोन हातांच्या अंतरावर लावून ठेवायचं, वर चिकटपट्टी मारायची आणि परत त्याला हात लावायचा नाही. मग अंतर राखायचं काम पायांचं. माणूस दोन हातांवर आला की कॅमेरा वर, टिचकी, कॅमेरा खाली. आणि लगेच त्याच्या डोळ्यांत बघून एक हसू. "चालू द्या तुमचं," असं म्हणून ती पुढे सटकायची. त्या हसण्यामुळे तिला आयुष्यात फारसं कुणी रागावलं नाही. लंबूने मात्र ते हसू कधी नीट पाहिलं नव्हतं. तो तिची पिशवी घेऊन मागून चालायचा. त्याला दिसायची ती तिची पाठ आणि समोरच्या माणसाचा सैल होत गेलेला चेहरा.

आणि एक नियम होता. ओळखीच्या माणसाचा फोटो नाही. लंबूने तरुणपणी त्यावर पुष्कळ डाव टाकून पाहिले. तिच्या वाटेवरच्या कोपऱ्यावर आधीच जाऊन उभा राहायचा, छत्री घेऊन, पेपर तोंडासमोर धरून, एकदा तर उसनी टोपी घालून. ती कॅमेरा खाली करायची आणि तो बाजूला होईपर्यंत शांत उभी राहायची. एकदा तो खरंच चिडला, म्हणाला, मोचीपासून मंत्र्यापर्यंत सगळे तुझ्या फोटोत आहेत, मीच काय घोडं मारलंय? तेव्हा ती म्हणाली होती, "अरे, तू मला पाठ आहेस. जे पाठ असतं ते मला दिसत नाही." हे प्रेमाचं बोलणं की टाळण्याचं, हे त्याला ठरवता आलं नाही. पण ते त्याला आवडलं, आणि त्याने पुन्हा विचारलं नाही.

ते पाठांतर गेल्या वर्षापासून विसकटायला लागलं होतं. आधी किल्ल्या गेल्या, मग वार, मग शेजारीण. दिवाणखान्यात बसलेल्या मुलीला तिने एकदा अगदी अदबीने विचारलं, "आपण कुणाकडे आलात?" मुलगी स्वयंपाकघरात जाऊन रडली. लंबू तिची समजूत काढत होता आणि मनातल्या मनात हिशेब करत होता, की आता राहिलो मी. डॉक्टरांनी त्याला बाजूला घेऊन सांगितलं होतं की चेहरेही जातील, आज नाही तर उद्या. तेव्हापासून तो सकाळी जाग आली तरी डोळे मिटून पडून राहत असे. तिने "लंबू, ऊठ" म्हटलं की मगच उठायचा. ती म्हणेपर्यंत त्याचा जीव टांगणीला लागलेला असे. तिने म्हटलं की तो दिवस पदरात पडला. त्याला दुसरं काही नको होतं.

फोटो मात्र ती काढत होती. घरात ती गोंधळायची, चिडायची, एकाच खोलीत दोनदा जायची, पण कॅमेरा गळ्यात पडून रस्त्यावर आली की तिची चाल सरळ व्हायची. लंबूच्या मनाने घेतलं होतं की ही फोटो काढतेय तोवर आपली आहे. मग एक दिवस ती कॅमेरा बसथांब्याच्या बाकावर ठेवून घरी आली. तो शोधायला धावला, पण बाक रिकामा होता. त्यानंतरच्या आठवड्यांत ती झपाट्याने उतरली. खिडकीशी बसून राही आणि उजव्या हाताची तर्जनी नुसतीच हलवत असे.

मुलीचं म्हणणं वेगळं होतं, आणि चूकही नव्हतं. कॅमेरा हरवायच्या आधी आईने कोपऱ्यावरच्या किल्ल्या बनवणाऱ्याचा एकाच सकाळी चार वेळा फोटो काढला होता, दर वेळी पहिल्यांदाच बघतेय अशा उत्साहाने. चौथ्या वेळी त्याने हाताने कॅमेरा खाली ढकलला. ती पडली नाही, पण पडली असती. मुलगी फोनवर म्हणाली होती की बाबा, घ्यायचाच असेल तर झूमवाला घ्या. आई बाकावर बसेल आणि लांबूनच सगळं जवळ ओढून घेईल. कुणाच्या अंगाशी जायला नको, कुणाच्या तोंडी लागायला नको. लंबूला ते पटलं होतं. तोच घ्यायचा, असं मनाशी पक्कं करून तो आज तिला घेऊन आला होता.

झूमवाला कॅमेरा हलका होता, दिसायलाही बरा. शेठनी तो तिच्या हातात दिला आणि दाराशी उभं राहून बघायला सांगितलं. तिने बटण दाबलं तशी लेन्स पुढे आली. समोरच्या फूटपाथवरची एक बाई पडद्यावर मोठी होत गेली, तिच्या कपाळावरचा घाम दिसेपर्यंत. तिने कॅमेरा खाली घेतला.

"हिला कळलं का, की मी बघतेय?"

"नाही ना ताई. तीच तर सोय आहे."

"मग हे चोरून बघणं झालं," ती म्हणाली आणि कॅमेरा शेठच्या हातात देऊन स्टुलावर येऊन बसली.

लंबू काही तरी समजुतीचं बोलायला पुढे झाला, तेवढ्यात तिची नजर काचेच्या कपाटात गेली. खालच्या फळीवर एक छोटा काळा कॅमेरा होता. पुढे एकच लेन्स, अठ्ठावीसची, न निघणारी. कुणी तरी वापरून परत दिलेला असावा, कारण कोपऱ्यावरचा रंग उडाला होता. शेठनी लंबूकडे पाहिलं. लंबूने मान हलवली, म्हणजे बघू दे की, बघायला काय जातं.

तिने तो हातात घेतला आणि कडं फिरवलं. ती बघत होती शेठकडे, त्यांना विचारत होती की तुमच्या गुडघ्याचं काय झालं, आणि बोटं आपली कडं फिरवत होती. एका जागी ती थांबली. लंबूने वाकून आकडा पाहिला. कडं बरोबर दोन हातांच्या अंतरावर येऊन थांबलं होतं. शेठचा गुडघा दुखतो हे तिच्या लक्षात होतं की तिने नुसतंच विचारलं, हे त्याला कळेना, पण त्याला इतका आनंद झाला की त्याने उगाचच चष्मा काढून पुसला.

"जाऊ का जरा?" तिने विचारलं.

शेठनीच सुचवलं की रस्त्यावर एक फेरी मारून या, कॅमेरा असा दुकानात बसून कळत नाही. लंबूने पट्टा तिच्या गळ्यात घातला. हल्ली तिला मागून कुणी आलेलं खपत नसे. पावलं ऐकू आली की ती वळून वळून बघायची आणि घाबरायची. म्हणून तो तिच्याआधी बाहेर पडला, रस्ता ओलांडून पलीकडच्या फूटपाथवर गेला आणि एका बंद दुकानासमोर उभा राहिला. तिथून त्याला ती दिसत राहणार होती.

ती दुकानाच्या पायरीवर क्षणभर थांबली. मग उतरली, आणि उतरताना तिचे खांदे मागे गेले.

दोन माणसं मोठी काच धरून सावकाश चालली होती. ती त्यांच्या बाजूने उलट्या पावलांनी चालत गेली, टिचकी, हसू, पुढे. चपलेचा पट्टा तुटलेली एक मुलगी चप्पल हातात धरून फोनवर कुणाला तरी फैलावर घेत होती. तिच्या अगदी समोर ही जाऊन उभी राहिली. मुलीने आधी डोळे वटारले आणि मग तुटकी चप्पल मुद्दाम कॅमेऱ्यापुढे नाचवली. लंबू एकटाच हसला. घरी खिडकीशी बसलेली ती बाई कुठे गेली होती कुणास ठाऊक. हे जमतंय, त्याला वाटलं. लेकीला सांगू, रोज अर्धा तास, मी समोर उभा राहीन, काही होणार नाही. ती रस्ता ओलांडायला लागली तेव्हा तो एक पाऊल पुढे झाला, पण तिने दोन्हीकडे पाहिलं, एका सायकलवाल्याला जाऊ दिलं आणि अलीकडे आली.

उन्हं उतरायला लागली होती. दोन इमारतींच्या फटीतून एक तिरपी पट्टी फूटपाथवर पडली होती आणि तिचं एक टोक लंबूच्या खांद्यावर आलं होतं. ते त्याच्या ध्यानात आलं नाही. तिच्या आलं. ती थबकली आणि मान किंचित कलती करून त्याच्याकडे बघू लागली. त्याला ही मान ओळखीची होती. त्याने मागे वळून पाहिलं की आपल्यामागे काय आहे. मागे बंद शटर होतं. तिच्या चित्रात आपली अडचण होतेय असं समजून तो जुन्या सवयीने बाजूला सरकला.

तिने डावा हात जरासा उचलला. असू द्या, हलू नका.

तो उभा राहिला. ती आली. तीन हात, अडीच हात, दोन. कॅमेरा वर गेला. टिचकी वाजली. ती अर्धं पाऊल डावीकडे झाली आणि पुन्हा एक टिचकी वाजली. मग कॅमेरा खाली आला आणि त्यामागून तिचा चेहरा.

ते हसू त्याने पहिल्यांदाच समोरून पाहिलं. इतकी वर्षं शहरभरच्या माणसांना ते मिळालं होतं. त्यात काही मागणं नव्हतं, तुम्ही इथे आहात हे किती छान झालं एवढंच होतं, आणि त्यात त्याची ओळख कुठेही नव्हती. त्याच्या छातीत दुखलं, अगदी खरंखुरं दुखलं, आणि तरीही ते हसू संपू नये असं त्याला वाटत राहिलं.

"छान उभे होतात," ती म्हणाली. "कुणाची वाट बघताय का?"

तिचं नाव त्याच्या ओठांवर आलं होतं. तिच्या डोळ्यांतली ती मजा, तो निवांतपणा बघून त्याने ते गिळलं. आत्ता हाक मारली असती तर ती गोंधळली असती, ओशाळली असती, फोटो काढणं तिथेच राहिलं असतं.

"बायकोची," तो म्हणाला.

"येईल," ती म्हणाली. तिने त्याच्या दंडावर हलकेच थोपटलं. "येईल हं. चालू द्या तुमचं, काका."

आणि ती पुढे गेली. पुढे कुणी तरी शिडीवर चढून पाटी पुसत होतं, ती त्याच्याकडे गेली. लंबू होता तिथेच उभा राहिला. त्याला रडू येत होतं आणि रस्त्यावर रडायची लाज वाटत होती, म्हणून तो शटरकडे तोंड करून कुलूप बघत असल्यासारखा उभा राहिला. डोळे पुसून वळला तेव्हा ती परत रस्ता ओलांडून दुकानाच्या पायऱ्या चढत होती.

तो दुकानात शिरला तेव्हा ती स्टुलावर बसून पाणी पीत होती. त्याला बघताच तिने ग्लास खाली ठेवला.

"कुठे भटकत होतास रे लंबू? मी इथे एकटी आणि तुझा पत्ताच नाही."

त्याने कपाटाला हात लावून आधार घेतला. इथेच होतो, असं तो म्हणाला. तिला ऐकू आलं की नाही कोण जाणे. ती शेठना चपलेवाल्या मुलीची गंमत सांगण्यात गुंतली होती, आणि चांगली सांगत होती.

शेठ कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर एकेक फोटो पुढे सरकवत होते. काच नेणारी माणसं छान आली होती, काचेत ती स्वतःही अर्धीमुर्धी दिसत होती. मुलगी, चप्पल. मग शेठचा अंगठा थांबला. तिचा नियम त्यांना माहीत होता. त्यांनी नजर उचलून लंबूकडे पाहिलं आणि पुढचा फोटो आणायला घाईघाईने बटण शोधू लागले.

"थांबा, थांबा. तो दाखवा," तिने कॅमेरा त्यांच्या हातातून घेतला आणि लंबूच्या पुढे धरला. "हा बघ. आज निघाला असेल तर हा एक. बाकीचे आपले ठीक."

पडद्यावर एक उंच म्हातारा होता. अर्ध्या तोंडावर ऊन, शर्टाचं वरचं बटण चुकीच्या काजात, आणि तो थेट समोर बघत होता. आपण बघताना असे दिसतो हे लंबूला माहीत नव्हतं. त्याला त्या माणसाची दया आली.

"बायकोची वाट बघत होता बिचारा," ती म्हणाली.

"आली का ती?"

तिने जरा विचार केला. आठवायचा खरंच प्रयत्न केला.

"काय की रे. मी पुढे गेले."

मग तिने कॅमेरा मांडीवर ठेवला आणि लेन्सवरची धूळ पदराने पुसायला लागली. शेठनी झूमवाल्याचं खोकं हळूच लंबूच्या बाजूला सरकवलं. ते अगदी खालच्या आवाजात बोलले की परवा मुलीचा फोन येऊन गेलाय, हाच द्या म्हणून बजावलंय तिने, आणि काळजीने बोलतेय ती. किल्लीवाल्याचंही सांगितलं तिने.

"तुम्ही म्हणाल तसं, भाऊजी. पण मलाही वाटतं हा बरा. लांबून सगळं निघतं याच्यात."

लंबूने खोक्यावर हात ठेवला. खोकं हलकं होतं, नवं होतं, त्यावर एका हसऱ्या कुटुंबाचं चित्र होतं. त्याने ते शेठकडे परत सारलं.

"नको. हिच्या मांडीवरचा द्या, छोटा."

"भाऊजी, अहो, त्याने माणसांच्या किती जवळ जावं लागतं..."

"हो," लंबू म्हणाला. "तेवढ्या जवळ तरी येईल ती."